चाळीसचं भिंग

बेबी: ...आणि सूप अगदी पातळ केलंय, दोनदा गाळून घेतलंय. ताईच्या घशाखाली उतरेल असं. पण भावोजी, तुम्ही बाहेर बाकावर का बसलात? आत तिच्याजवळ कोण आहे?

भिंगवाले: डबा खाली ठेव, बेबी.

बेबी: ठेवते. नर्स आहे का आत?

भिंगवाले: आधी डबा ठेव. बस इथं.

बेबी: मी बसणार नाही. तुम्ही सांगा.

भिंगवाले: सव्वाचारला गेली.

बेबी: आत्ता पाच वाजतायत.

भिंगवाले: हो.

बेबी: सव्वाचारला मी सूप गाळत होते. एक फोन करायचा होता, भावोजी.

भिंगवाले: हातात घेतला होता. तुझा नंबरही काढला. मग वाटलं, तू निघाली असशील. रस्ता ओलांडताना असं काही ऐकू नये माणसानं.

बेबी: काही बोलली का?

भिंगवाले: पाणी मागितलं. मग म्हणाली, डोळ्यावर ऊन येतंय, पडदा ओढा. मी पडदा ओढायला उठलो. वळलो तेवढ्यात.

बेबी: साठीसुद्धा गाठली नाही हो माझ्या ताईनं. मला एकच कळत नाही. आपण अंगावर काढलं असतं, हयगय केली असती, तर गोष्ट वेगळी. गाठ हाताला लागली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी तुमच्याबरोबर त्या मॅडमच्या लॅबमध्ये हजर, जिथला मायक्रोस्कोप तुम्हीच दुरुस्त करता. तिची गाठ, माझी गाठ, एकदमच दाखवू म्हणाली. दोघींना सुई घातली, आलेला थेंब काचेवर पसरला, त्या काचा मायक्रोस्कोपखाली बघितल्या, 'संशयास्पद काही नाही' म्हणून दोघींना लिहून दिलं. येताना रस्ताभर हसत होतो आम्ही. मग चार महिन्यांत मोठ्या हॉस्पिटलात ते निघालं कुठून?

भिंगवाले: कुठला वार होता तो?

बेबी: कुठला?

भिंगवाले: मॅडमकडे गेलो तो.

बेबी: शुक्रवार. सव्वा वर्ष झालं त्याला. आता वार घेऊन काय करायचंय? आणि तुमचा चेहरा का असा झाला एकदम? भावोजी? पाणी आणू?

भिंगवाले: नको. आत चल. तिला एकटं ठेवायला नको.

*

बेबी: दाराला कडी तरी लावत जा. ताईला जाऊन परवा दोन महिने होतील, म्हणून घर उघडं टाकायचं असं कुणी सांगितलंय? आणि हे काय, टेबलावर सगळा संसार मांडलाय. चिमटे, हवेचा फुगा, डब्या. काम सुरू केलंत?

भिंगवाले: नाही.

बेबी: मग करा की. तीन लॅबवाल्यांचे फोन मला आलेत. एकजण म्हणाला, भिंगवाल्यांना सांगा, आमच्या मायक्रोस्कोपमध्ये बुरशी एवढी वाढलीय की हल्ली आम्ही तिचाच रिपोर्ट देतो. हसा की जरा.

भिंगवाले: हसलो.

बेबी: दिसलं. दाढी किती दिवसांची आहे ही? आणि स्वतःच्या चष्म्याची काच बघा. जगाची भिंगं पुसायची आणि आपल्या नाकावर बोटांचे ठसे. ताई म्हणायचीच, ह्यांनी माझ्याकडे नीट बघावं असं वाटलं, तर मलाच काचेवर ठेवून मायक्रोस्कोपखाली सरकवावं लागेल.

भिंगवाले: असं म्हणायची?

बेबी: मायेनं म्हणायची हो. लगेच तोंड पाडू नका. ही कसली वही?

भिंगवाले: कामाची. कुठल्या दिवशी कुठे गेलो, काय उघडलं, काय बसवलं.

बेबी: आणि ह्या पानात कागद का खोचलाय?

भिंगवाले: आपण मॅडमकडे गेलो तो शुक्रवार. त्याच्या आधीच्या बुधवारी मी तिथेच कामाला होतो. वाच.

बेबी: 'चाळीसचं उघडलं. आत बुरशी. भिंगं साफ केली. बसवलं.' ह्यातलं मला डोंबल कळतंय.

भिंगवाले: मायक्रोस्कोपला खाली एक फिरती चकती असते. तिला आखूड नळ्या लावलेल्या. चारची, दहाची, चाळीसची. चाळीसची म्हणजे चाळीस पट मोठं करणारी. पेशी चांगली की रोगाची, ते तिच्यातून बघून ठरवतात. त्या नळीच्या आत बारीक भिंगं असतात, एकावर एक. मसुराच्या दाण्याएवढी. मधलं जे असतं, ते एका बाजूनं फुगीर आणि एका बाजूनं सपाट.

बेबी: बरं.

भिंगवाले: ते माझ्या चिमट्यात होतं. पुसून झालं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

बेबी: कुणाचा?

भिंगवाले: तिचा. म्हणाली, आज जरा लवकर या, काखेत काहीतरी हाताला लागतंय.

बेबी: अगंबाई. तोच दिवस?

भिंगवाले: तोच. मी भिंग फडक्यावर ठेवलं आणि बोललो. फोन ठेवला, भिंग उचललं, बसवलं. फुगीर बाजू खाली यायला हवी. खाली होती की वर होती, मला आठवत नाही. दोन महिने आठवतोय. जेवताना वाटतं, खालीच होती. सकाळी डोळा उघडतो तेव्हा वर असते.

बेबी: उलटं बसलं तर काय होतं?

भिंगवाले: दिसतं, पण धार जाते. दुधावर साय धरावी तसं दिसतं. आणि बघणाऱ्याला कळतही नाही की भिंगाचा दोष आहे. त्याला वाटतं, काचच नीट बनवली नाही.

बेबी: पण बसवल्यावर तुम्ही बघितलं असेल की. तुम्ही तर ग्लासातलं पाणीही उजेडाकडे धरून मग पिता.

भिंगवाले: बघतो ना. एक ठरलेली काच आहे माझ्याकडे. ती लावायची आणि प्रत्येक नळी फिरवून बघायची. तीस वर्षांत चुकलं नाही. त्या दिवशी दहाच्या नळीतून बघितलं, लख्ख दिसलं, पिशवी उचलली आणि घरी पळालो. चाळीसची फिरवलीच नाही.

बेबी: घाई झाली. होते माणसाला.

भिंगवाले: ती म्हणत होती, मोठ्या हॉस्पिटलात जाऊ. मीच म्हटलं, मॅडमकडे जाऊ. मायक्रोस्कोप परवाच माझ्या हातानं साफ केलाय, आणखी काय पाहिजे?

बेबी: वही मिटा, भावोजी.

भिंगवाले: मिटून काय होणार?

बेबी: मिटा म्हणते ना. कुणी उघडून बघितलंय का ते भिंग? नाही. मग झाकली मूठ राहू द्या. गेलेलं माणूस परत येत नाही, आणि तुम्ही इथं बसून विषाची परीक्षा घ्यायला निघालात. चांगलंच निघालं तरी ताई नाही. वाईट निघालं तर तुम्हीही नाही. मला दोघांचं करायचं बळ नाही आता.

भिंगवाले: तिचं झालं. मी तुझं म्हणतोय.

बेबी: माझं काय?

भिंगवाले: तुझी काचही त्याच दिवशी त्याच नळीखालून गेली.

बेबी: मला काही नाही. लिहून दिलंय.

भिंगवाले: तिलाही दिलं होतं. गाठ आहे अजून?

बेबी: हा काय भावोजींनी विचारायचा प्रश्न झाला?

भिंगवाले: तिनं विचारला असता. ती नाही, म्हणून मी विचारतोय.

बेबी: आहे.

भिंगवाले: तेवढीच आहे?

बेबी: मला माहीत नाही. मी हात लावत नाही तिथं. अंघोळीलासुद्धा साबण लांबून फिरवते. झालं समाधान?

भिंगवाले: बेबी.

बेबी: बेबी बेबी करू नका. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कळायच्या आदल्या दिवशी ताईनं सगळ्या घराचे पडदे धुतले होते. कळलं आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण धरलं. रोगानं नंतर मारलं तिला, कळण्यानं आधी. मला कळायला नको. तुम्ही त्या लॅबची पायरी चढायची नाही. माझी शपथ आहे तुम्हाला.

भिंगवाले: शपथ नको घालूस.

बेबी: घातली. आता ती दाढी करा आणि चार घास खा.

*

मॅडम: कोण? भिंगवाले? या, या. आज रविवार, लॅब बंद आहे, मी सह्या करायला येऊन बसले होते. तुमच्या मिसेसचं कळलं मला. भेटायला यायला हवं होतं. दोनदा निघाले आणि परत फिरले. खोटं कशाला बोलू?

भिंगवाले: मॅडम, तुमचा जुना मायक्रोस्कोप कुठे आहे?

मॅडम: तो काय, कोपऱ्यात. टोपी घालून ठेवलाय. नवा आल्यापासून कुणी हात लावलेला नाही त्याला.

भिंगवाले: नवा कधी आला?

मॅडम: तुम्ही बुरशी काढून गेलात ना, त्यानंतर साधारण चार महिन्यांनी.

भिंगवाले: त्या चार महिन्यांत जुन्यातून कसं दिसायचं?

मॅडम: असं का विचारताय?

भिंगवाले: आधी तुम्ही सांगा. मग मी सांगतो.

मॅडम: बसा. हे मी घरीसुद्धा बोललेले नाही. धूसर दिसायचं. चाळीसवर गेलं की धूसर. मला वाटलं, झालं, मोतीबिंदू. आमच्या आईला ह्याच वयात झाला होता. चष्मा बदलला, काही फरक नाही. बोलणार कुणाला? पॅथॉलॉजिस्टनं आपल्याला दिसत नाही म्हणून सांगायचं? शेवटी दुसऱ्या गावी जाऊन ऑपरेशन करून घेतलं. मोतीबिंदू होताच, थोडासा. डोळ्याचे डॉक्टर म्हणालेही, एवढ्यावर घाई कशाला करताय? त्याच आठवड्यात नवा मायक्रोस्कोप आला. पट्टी सुटल्यावर त्यातून बघितलं आणि सगळं लख्ख. मी म्हटलं, डोळाच होता.

भिंगवाले: डोळा नसेल, मॅडम.

मॅडम: म्हणजे?

भिंगवाले: त्या बुधवारी चाळीसचं मधलं भिंग मी हातातून खाली ठेवलं होतं. फोन आला होता. परत बसवताना उलटं बसलं असेल. मी बघायला आलोय.

मॅडम: असेल, की आहे?

भिंगवाले: माहीत नाही. उघडल्याशिवाय कळणार नाही. आणि उघडायची छाती होत नाही, म्हणून दोन महिने घरी बसलो होतो.

मॅडम: थांबा. लगेच उघडू नका. आधी एकच काच दोन्हींतून बघू. ही कालची आहे, माझी सही झालेली. नव्यातून... हं. पेशीच्या मधल्या ठिपक्याची कड बघा, टोकदार पेन्सिलीनं काढल्यासारखी. आता तो जुना इकडे सरकवा. दिवा लावा त्याचा.

भिंगवाले: लावला.

मॅडम: दहावर ठीक. चाळीस. भिंगवाले...

भिंगवाले: काय झालं?

मॅडम: हेच. हेच दिसायचं मला. डोळा तर आता नवा आहे माझा.

भिंगवाले: उठा तुम्ही. मी नळी काढतो. फडकं धरा खाली, दोन्ही हातांनी. पडलं तर सापडायचं नाही.

(आटे सुटल्याचा बारीक आवाज.)

भिंगवाले: वरचं निघालं. ही मधली कडी. आता खाली दिसतंय ते बघा. मला बघवत नाही.

मॅडम: मला त्यातलं काय कळणार?

भिंगवाले: वरची बाजू फुगीर आहे की सपाट, एवढंच बघायचं. त्यात छतावरच्या दिव्याची छबी दिसेल. सपाट असेल तर दिवा आहे तसा दिसेल. फुगीर असेल तर बारीक दिसेल, टिंबासारखा.

मॅडम: बारीक आहे.

भिंगवाले: पुन्हा बघा. मान जरा तिरकी करून.

मॅडम: बारीकच आहे, भिंगवाले. टिंबाएवढा.

भिंगवाले: म्हणजे फुगीर बाजू वर.

मॅडम: वर.

भिंगवाले: मला जरा भिंतीला टेकू द्या.

मॅडम: खुर्ची घ्या. पाणी प्या. आणि एकट्यानं सगळं डोक्यावर घेऊ नका. भिंग तुम्ही उलटं बसवलंत. पण त्यातून चार महिने बघितलं कुणी? आणि ऑपरेशन झाल्यावर माझी तर खात्री होती की चार महिने मला नीट दिसत नव्हतं. मग त्याच दिवशी मी हे कपाट उघडून त्या सगळ्या काचा पुन्हा बघायला नकोत? किल्ली हातात घेऊन इथं उभी होते. भीती वाटली. किल्ली परत ड्रॉवरमध्ये टाकली. तुम्हाला निदान ठाऊक तरी नव्हतं.

भिंगवाले: सुलटं करून बसवतो. मग तिची काच काढा.

मॅडम: आजच?

भिंगवाले: आजच. उद्या पुन्हा एवढी छाती होणार नाही माझी.

मॅडम: बसलं? बघू द्या. हो. आता दिसतेय कड. स्वच्छ दिसतेय... तुमच्या मिसेसची ही. नंबर जुळतोय. बघू ना?

भिंगवाले: नका. बघा.

मॅडम: ही कड झाली. आता मधलं बघते.

भिंगवाले: बोला की, मॅडम. काय आहे ते सांगा.

मॅडम: रोग नाही ह्या काचेवर.

भिंगवाले: नाही?

मॅडम: पूर्ण ऐका. रोग नाही, आणि चांगल्या पेशीही नाहीत. रक्त आहे, थोडी चरबी आहे. सुई गाठीत गेलीच नाही, शेजारून गेली. असं कधीकधी होतं. पण नीट दिसलं की ते कळतं. मग लिहायचं, नमुना अपुरा, पुन्हा सुई घाला. मला धूसर दिसलं. ह्या धुरकट चरबीच्या मला चांगल्या पेशी वाटल्या. आणि मी लिहिलं, संशयास्पद काही नाही.

भिंगवाले: म्हणजे नीट दिसलं असतं, तर त्याच आठवड्यात पुन्हा सुई घातली असती.

मॅडम: हो.

भिंगवाले: आणि तेव्हा सापडलं असतं?

मॅडम: बहुतेक. वाचल्या असत्या का, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही.

भिंगवाले: मी बघू?

मॅडम: बघा. काय दिसतं?

भिंगवाले: धार चांगली आहे. कडेलाही चित्र फाटत नाही... बघा, हे असं आहे माझं. तीस वर्षं मी ह्यातून धारच बघितली. काचेवर काय आहे ते कधी बघितलं नाही. ते माझं काम नव्हतं.

बेबी: मला वाटलंच होतं, तुम्ही इथं सापडणार!

भिंगवाले: तू कधी आलीस?

बेबी: घरी गेले, तर आज दाराला कडी होती. तेव्हाच पाल चुकचुकली मनात. शपथ मोडलीत ना?

भिंगवाले: मोडली.

बेबी: मी मेले म्हणजे?

भिंगवाले: मरू नयेस म्हणूनच मोडली.

मॅडम: ह्या कोण?

भिंगवाले: माझी मेहुणी. हिची काचही त्याच दिवशीची आहे.

बेबी: माझं राहू द्या. काय निघालं ते सांगा. उलटं होतं?

भिंगवाले: उलटं होतं.

बेबी: देवा. आणि ताईची?

मॅडम: इथं बसा, मी सांगते. गाठीत सुई नीट गेली नव्हती आणि मला ते दिसलं नाही. दिसायला हवं होतं.

बेबी: तुमच्या पदवीला काय आग लावायचीय, दिसलं नाही म्हणे! माझी बहीण हसत घरी गेली हो तुमच्या कागदावर.

भिंगवाले: बेबी, भिंग माझ्या हातून उलटं बसलंय.

बेबी: तुम्ही गप्प बसा. तुम्हाला घरी जाऊन बोलणार आहे, सावकाश. कुठे आहे ती काच?

मॅडम: ही, मायक्रोस्कोपवर लावलेली.

बेबी: एवढीशी? हा जांभळा डाग? हे ताईचं आहे?

मॅडम: हो. तुमच्या ताईंचंच. रंग घातलाय आम्ही.

बेबी: आणि आपण म्हणतोय, तिचं काही उरलं नाही. इथं कपाटात होती की ही.

भिंगवाले: जवळजवळ दीड वर्ष.

बेबी: काय करणार आता हिचं? टाकून द्याल?

मॅडम: नाही. जपून ठेवणार. तुमची काढू का?

बेबी: नको.

भिंगवाले: बेबी, ऐक. भिंग उलटं आहे की सुलटं, हे कळायच्या भीतीनं मी दोन महिने घरी बसलो. ते ह्या कोपऱ्यात उलटंच बसलेलं होतं. मी बघितलं नाही म्हणून ते काही सुलटं झालं नाही.

बेबी: तुम्हाला बोलायला काय जातं? भिंग फिरवून बसवता येतं. मला काय फिरवणार?

भिंगवाले: ते मला सांगता येत नाही.

बेबी: मग कशाला आलात शहाणपण शिकवायला?

भिंगवाले: मला भीती वाटते म्हणून. एकीला मीच हाताला धरून इथं आणलं. दुसरीला परत पाठवायचं माझ्यानं होणार नाही.

बेबी: तुम्ही तर रडवून सोडाल माणसाला. लावा. लावा माझी. पण मोठ्यानं काही बोलू नका मध्येच, 'अरे बापरे' वगैरे. मी तिकडे भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

मॅडम: नाव सांगा... हं, हीच. लावली. ह्यात पेशी भरपूर आहेत. सुई बरोबर बसली होती तुमची.

बेबी: ते चांगलं की वाईट?

मॅडम: चांगलं. बघता तरी येतं. इकडच्या चांगल्या आहेत. ह्याही. ह्याही... जरा थांबा.

बेबी: का थांबा?

मॅडम: बोलू नका एक मिनिट.

बेबी: भावोजी, ह्या का थांबल्या?

भिंगवाले: माझा हात धर.

मॅडम: वळा इकडे. बहुतेक सगळ्या चांगल्या आहेत. एका कडेला एक पुंजका आहे, तो मला आवडला नाही. रोग आहे असं मी म्हणत नाही. पण 'संशयास्पद काही नाही' ह्यावर आज मी सही करणार नाही. उद्या सकाळी नवीन सुई घालू. आणि ह्या वेळी काच मी एकटी बघणार नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनाही दाखवीन. माझ्या ओळखीचे नकोत असतील तर तुम्ही सांगाल त्यांना.

बेबी: म्हणजे आहे की नाही?

मॅडम: उद्या कळायला सुरुवात होईल.

बेबी: खुर्ची द्या कुणीतरी... उपाशीपोटी यायचं का?

मॅडम: नाही, खाऊन या.

बेबी: किती वाजता?

मॅडम: नऊला. मी आठपासून आहे.

भिंगवाले: मी आणतो हिला.

बेबी: तुम्ही नका आणू, माझं मी येईन. तुमच्या पायगुणाची परीक्षा पुरे झाली... बरं या. एकटीनं येववणार नाही मला. डॉक्टरीणबाई, एक सांगा. त्या चार महिन्यांत मी नि ताई दोघीच आलो होतो का इथं?

मॅडम: नाही.

बेबी: मग? किती?

मॅडम: सुईच्या तपासण्यांचं रजिस्टर वेगळं आहे. तेच बघत होते मघाशी, हे भिंग सुलटं करून बसवत होते तेव्हा. तीनशे अकरा काचा. बायका आहेत, पुरुष आहेत, गळ्याच्या गाठी आहेत. ह्या खालच्या दोन कप्प्यांत.

बेबी: आणि ही सगळी माणसं तुमचा कागद कपाटात ठेवून खुशाल हिंडतायत?

मॅडम: ज्यांना 'काही नाही' लिहून दिलं, ती हिंडत असतील.

बेबी: त्यांना कोण सांगणार?

मॅडम: सांगितलं तर ही लॅब बंद होईल. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगतेय.

भिंगवाले: माझ्या पिशवीलाही कुणी हात लावू देणार नाही मग.

मॅडम: नाही देणार.

बेबी: मग काय ठरलं? दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे काय बघताय? मघाशी मला भिंतीकडून वळवलंत ना?

मॅडम: पडदा सरकवा, भिंगवाले. उजेड डोळ्यावर येतोय. पहिल्या महिन्यापासून सुरू करते. तुम्ही काचा द्या एकेक. त्यांनी रजिस्टर घ्यावं.

बेबी: मला हे अक्षर लागत नाही. हे काय, मुंग्या चालल्यात नुसत्या.

मॅडम: नाव आणि फोन नंबर लागला तरी पुरे. तेवढंच उतरवून घ्या. आत्तापर्यंत किती झाल्या, भिंगवाले?

भिंगवाले: दोन. हिची आणि तिची. तीनशे नऊ बघायच्या राहिल्यात. आणि फोन अजून एकालाही केलेला नाही.